मिहिकाचा नवा खेळ

हेमांगीताई,

मी मिहिकाला कडेवर घेऊन फिरत नाही, खाली बसूनच भरवते, म्हणून तुम्ही मला आळशी म्हणालात. मी ऐकून घेतलं. खरं सांगितलं असतं तर पवईचं हे काम त्याच दिवशी सुटलं असतं.

मला फिट येतात. आजार जन्माचा आहे, डॉक्टर म्हणाले. गोळ्या घेऊनही कधीतरी येते. मी पडले तर पोरीला लागू नये म्हणून जमीन सोडत नाही. आम्ही दोघीच असलो की गॅस पेटवत नाही, बाल्कनीचं दार बंद ठेवते. एवढं पुरेल असं वाटलं होतं.

काल तुम्ही तिचा व्हिडिओ काढलात. लादीवर पडून ती हातपाय झाडत होती, डोळे फिरवत होती. तुम्ही हसत विचारलंत, "शकु, हा खेळ कोणी शिकवला गं?"

मी म्हटलं, "टीव्हीवर बघितला असेल."

मग ती उठून बसली आणि फ्रॉकने स्वतःचं तोंड पुसलं. शुद्धीवर येते तेव्हा माझं तोंड कोणी पुसलेलं असतं, ते मला काल कळलं.

ही चिठ्ठी गोळ्यांच्या डब्यातच राहील. उद्या नऊला येते.

शकु