ढालीसाठी बदललेलं कडवं

तिसगाव, शुक्रवार

प्रिय स्नेहल,

तुझा फोन आल्यापासून तीन कागद फाडले. सोमवारी तू नौदलाच्या प्रशिक्षणाला निघणार, आणि बाबाची ती कविता माझ्या अक्षरात सोबत हवी म्हणतेस. पोरी, काल चौकात तुझ्या बाबाचा, अंगदचा पुतळा बसला. पांढरा गणवेश, नजर लांब, जणू डोंगरापलीकडे त्याला समुद्रच दिसतोय. खाली माझी ओळ कोरलीय : ‘आधी उतरा तुम्ही गड्यांनो, शेवटला मी, शेवटला.’ जळत्या जहाजावरून त्रेचाळीस खलाशी उतरवताना बिनतारीवर तो हेच म्हणाला, आणि स्वतः उतरलाच नाही. देशाला ती ओळ पाठ झाली. लोक माझ्या पाया पडतात, अन् मला तोंड लपवावंसं वाटतं.

तुझी आजी बायडाबाई मला रोज दारात थांबवते. “मास्तर, म्हना की माज्या अंगदाचं गानं.” मी म्हणतो. काल हार घालून परतताना म्हणाली, “लई ग्वाड हाय वो. पन त्याला शेवटाला का ठिवलं?”

अंगद सातवीत होता. आईबाप ऊसतोडीला, हा चुलतीकडे. दिवाळीनंतर वर्गात त्याचं लक्षच नसे. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता, तरी त्याच्यासाठी वादळातल्या एका खलाशाची कविता रचली. त्याला काय आवडली ती! तालुक्याच्या कवितागायन स्पर्धेआधी एक जाणते गृहस्थ म्हणाले, मास्तर, शेवट मिळमिळीत आहे, बक्षिसाची ढाल हवी तर वीरश्री आणा. मी मधल्या सुट्टीत शेवट बदलला. “गुर्जी, पैलंच बरं हुतं की,” अंगद म्हणाला. “गप रे, तुला काय कळतंय त्यातलं?” मी म्हणालो. ढाल मिळाली. पोरानं ते कडवं जन्मभर जपलं.

म्हणून हे पत्र. कोरलेलं कडवं मी तुला लिहून देणार नाही. जाऊ नकोस म्हणायचा मला हक्क नाही. कविता नसती तरी तो थांबलाच असता, असं मी स्वतःला रोज बजावतो, आणि रोज ते खोटं वाटतं. हात जोडतो बाळ, माझी ती ओळ सोबत नेऊ नकोस. आईवाचून सहा महिने काढणाऱ्या पोरासाठी मी आधी लिहिली होती ती ही : ‘भल्या पहाटे घरी पोचलो, आई म्हणाली, जेव मुला.’

तुझाच,
मास्तरआजोबा