जमनीबाईची डावी गाडी

पांढरकवडा,
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय संघदीप,

तुला, दीपाला आणि तुमच्या घरमालकालाही (तो अजून एक दिवसाआडच पाणी सोडतो का?) बाबारावचा मनापासून जयभीम. तुझ्या पोटातली जळजळ कशी आहे? कचेरीतला चहा सोड, असं मी तुला तुझ्या साक्षगंधापासून सांगून राहिलो आहे. आमचं म्हणशील तर माझा उजवा गुडघा सोडून सगळं ठीक आहे आणि तुझी बहीण नेहमीपेक्षा जरा जास्तच ठीक आहे. सहा महिने माझं पत्र नाही म्हणून तू रागावला असशील. फोनवर सत्यभामानं 'ते कामात आहेत' एवढंच सांगितलं असणार. ते खरं आहे. मी सहा महिने एका कोंबड्यांच्या खुराड्याखाली उताणा पडून होतो.

झालं असं, की एप्रिलात मी झरी जामणीकडच्या एका तांड्यावर पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेलतो. (निवृत्त मेकॅनिकला लोक निवृत्त मानत नाहीत, फुकट मानतात.) काम आटोपून हात धूत होतो, तर जमनीबाई नावाच्या म्हातारीच्या गोठ्यामागं एक कोंबडी खिडकीतून बाहेर आली. कोंबडीनं खिडकीतून येण्यात विशेष काही नाही, पण या खिडकीला खालीवर होणारी काच होती. कापसाच्या पऱ्हाट्या बाजूला सारून पाहिलं, तर आत अख्खी गाडी. उंच चाकं, टपावर लोखंडी माचा, मागं चढायला शिडी, पुढं दोर गुंडाळायचं चक्र, आणि स्टेअरिंग डावीकडे. अठ्ठावीस वर्षं एस.टी.च्या डेपोत काढली मी, पण असं जनावर पाहिलं नव्हतं.

आता हे ओळखायचं कसं? तांड्यावर ज्याला विचारावं त्याचं मत वेगळं. एक म्हणे मिलिटरीची, दुसरा म्हणे जंगल खात्याची. तिसऱ्यानं, खेमसिंगनं, तर छातीवर हात ठेवून सांगितलं, की हे पाण्याच्या टँकरचं नुसतं तोंड आहे, मागचा टँकर चोरीला गेला. दोन दिवस या वादात गेल्यावर मला सुचलं, की खुद्द जमनीबाईला विचारावं. तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तिनं कोंबड्यांना दाणे टाकता टाकता सगळं सांगितलं. पंचाहत्तर साली चार गोरे लोक देशामागून देश ओलांडत, रानातलं गवत गोळा करत इथवर आले होते. (गवतासाठी इतक्या लांब! आपले लोक निंदणं चुकवायला लांब जातात.) इथं त्यांचा गिअरबॉक्स फुटला. गाडी तिच्या नवऱ्याच्या, देवसिंगच्या भरवशावर टाकून ते सामान आणायला गेले. जाताना एक कागद लिहून दिला, की वर्षभरात आलो नाही तर गाडी देवसिंगची. आले नाहीत. देवसिंगनं मात्र जन्मभर वाट पाहिली आणि पाच वर्षांपूर्वी वारला. त्यानंतर कोंबड्या आत राहायला आल्या.

दुसऱ्या खेपेस सत्यभामाही माझ्यासोबत आली. (सोबत म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवायला.) तिनं दारावरचा रंग खरवडायला घेतला. वरचा निळा, त्याखाली कोण्या निवडणुकीतला पंजा, त्याखाली डांबर, आणि सगळ्यांत खाली मूळ पिवळ्या रंगावर परक्या अक्षरांत गावांची ओळ निघाली. तुझ्या बहिणीनं एकेक अक्षर जुळवून वाचलं. इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, लाहोर, दिल्ली, नागपूर. आणि शेवटी, आपल्या लिपीत, वाकडंतिकडं, 'केळापूर'. जमनीबाई म्हणाली, ते देवसिंगचं. त्याला लिहिता येत नव्हतं. एस.टी.ची पाटी पाहून पाहून त्यानं ते काढलं. गाडी सुरू झाली की पहिल्यांदा तुला केळापूरच्या जगदंबेला नेतो, असं तो बायकोला सांगायचा.

मग मी दुरुस्तीला लागलो. इंजिनात उंदरांच्या सात पिढ्या नांदून गेल्या होत्या, म्हणून ते काढून एका मोडक्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. गिअरबॉक्सही त्याच जीपचा. टाकी कुजलेली, तिच्या जागी डिझेलची कॅन आणि एक नळी. (कॅन कोणीतरी धरून बसावं लागतं, एवढाच दोष.) गाद्या नव्हत्याच, तर सत्यभामानं बाजेसारखी सुतळी विणून दिली. दिवे ट्रॅक्टरचे. कागदपत्रांचं विचारू नकोस. तू सरकारी माणूस आहेस, तुला माहीत नसलेलं बरं.

दिवाळीआधी पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक जाणकार आले. सोबत लोहचुंबक, बॅटरी आणि स्वतःची पाण्याची बाटली. चुंबक गाडीभर फिरवून, बोनेटच्या आतली पत्र्याची पट्टी वाचून ते हरखले. म्हणाले, बासष्ट सालची खास लांब प्रवासासाठी बांधलेली गाडी, मूळ स्वरूपात असेल तर पंधरा लाख कुठं गेले नाहीत. मग त्यांनी बोनेटमध्ये नीट पाहिलं. मूळ इंजिन नाही? दहा लाख. गिअरबॉक्स? सात. गाद्या? चार. दिवे पाहून त्यांनी डोळे मिटले, आणि कॅन दिसल्यावर म्हणाले, आता भंगारात किलोवर जाईल. म्हणजे मी जितकी गाडी नीट केली, तितकी ती स्वस्त झाली. हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आधीचा कोणी अडाणी असावा.

जाता जाता ते थांबले. म्हणाले, तेवढं दार द्या, गावांची नावं असलेलं, चाळीस हजार देतो, पण खालचं ते वेडंवाकडं पुसून घ्यावं लागेल. सगळे जमनीबाईकडे पाहू लागले. चाळीस हजार, संघदीप, आणि यंदा कापसाला काय भाव आहे तो तुला ठाऊक आहे. तिचं एक एकर पाण्यात गेलं, उरलेल्यावर अळी. म्हातारी दारापाशी गेली. पदरानं 'केळापूर' पुसलं. मला वाटलं पुसून टाकते आहे, पण ती धूळ पुसत होती.

"माह्या माणसानं जिंदगीत एवढंच लिवलं," ती म्हणाली. "बाकी सारा अंगठाच. दार नाही देत मी. मले केळापूरले न्या."

तर गेल्या मंगळवारी आम्ही निघालो. स्टेअरिंग डावीकडे असल्यामुळे जमनीबाई उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे जिथं ड्रायव्हर असतो तिथं. रस्त्यावरच्यांना दिसे ते असं, की सत्तरीची बंजारा म्हातारी, हातात चाक नाही, काही नाही, मांडीवर नारळ, आणि गाडी चालली आहे. दोन सायकलवाले त्यामुळे नालीत गेले.

खरी पंचाईत पुढच्या गावात झाली. यंदा आपल्या जिल्ह्यात जीप दिसली की लोक शेतकरी आत्महत्यांच्या चौकशीची कमिटी आली म्हणून धावतात, हे तुला माहीत आहे. आमची तर उंच, दार पिवळं, त्यावर परकी अक्षरं. इंजिन तापलं म्हणून निंबाखाली थांबलो, तर पाच मिनिटांत वेचणी सोडून अख्खं गाव जमा. पुढं बबनराव नावाचे एक गृहस्थ, हातात निवेदन. मी जीव तोडून सांगितलं, आम्ही कमिटी नाही, आमच्या हातात काही नाही.

"आधीच्या कमिटीनंबी असंच सांगतलं होतं, साहेब," बबनराव म्हणाले, आणि निवेदन खिडकीतून जमनीबाईच्या मांडीवर ठेवलं.

मग निवेदनांची रांगच लागली. बोगस बियाणं, बंद पडलेलं खरेदी केंद्र, मापात मारलेला काटा. जमनीबाईनं प्रत्येकाचं पुरतं ऐकून घेतलं. मध्ये बोलली नाही, घड्याळ पाहिलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मग तुम्ही खाऊन काय राह्यले?" एक बाई पुढं आली आणि बोलू लागली, ती अर्धा तास बोलली. निघताना बबनराव मला बाजूला घेऊन म्हणाले, की ही पहिलीच कमिटी अशी, जिनं जेवणाचं विचारलं.

केळापूरला दर्शन झालं. जमनीबाईनं नारळ फोडला, अर्धा देवीला वाहिला आणि अर्धा गाडीच्या चाकाला दिला. तांड्यावर उतरल्यावर तिनं दारावरून हात फिरवला. आमचं सगळं ठीक आहे, तुम्हीही सांभाळा. दीपाला सांग, तिळगुळाला या.

तुझा,
बाबाराव

ता. क. सोबतच्या जाड पाकिटात ती एकतीस निवेदनं आहेत. कमिटी नसलो तरी लोकांनी विश्वासानं दिली, ती चुलीत कशी घालू? तू आवक-जावक टेबलावर बसतोस. सगळ्यांवर शिक्का मारून, क्रमांक टाकून, पोच पाठव. मी गावात जाऊन देईन. पत्र लिहिण्याचं खरं कारण एवढंच. तुझ्या जळजळीची चौकशीही खरी होती.

ता. ता. क. भाऊ, जयभीम. मी सत्यभामा. ह्यायनं पाकीट चिकटवायले माह्यापाशी देल्लं म्हणून वाचलं. सारं खरं लिवलं, पण गाडी कोणं चालवली ते लिवलं नाही. मी चालवली. तुह्या भाऊजीनं अठ्ठावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, पण डेपोच्या फाटकाबाहेर एकबी नेली नाही. येतच नाही त्यायले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मले समजलं, पण कोणाले सांगतलं नाही. तू बाबाच्या ट्रॅक्टरवर मले शिकवलं होतं ते कामी आलं. हे मांगं कॅन धरून बसले होते, डोये मिटून. आता जमनीबाई म्हणते, येत्या मंगळवारी पुन्हा जाऊ, त्या बाईचं सारं आयकून झालं नाही. मी हो म्हणलं. पण लायसन पाह्यजे. येशीन तवा दोन फारम आण. एक माह्यासाठी, एक ह्यायच्यासाठी. ह्यायले मी शिकवीन.