राखीव लिफ्टर

नाना, आज २६ नोव्हेंबर १९९५, रविवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि मी खोलीच्या उंबऱ्यात बसून डाव्या हाताच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळली आहे. उजव्या हाताची बोटं मागाहून बांधीन, कारण आधी तुम्हाला लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. एवढ्या काळात तुमच्यासाठी माझ्या मनात एक बरा शब्द आला नाही आणि आजही येणार नाही. पण आज मी व्हॉलीबॉलच्या सामन्यात लिफ्टर म्हणून उतरणार आहे, पहिल्या सहांत, शिट्टी वाजल्यापासून, आणि त्याच्या आधी तुमच्याशी बोलून घेणं भाग आहे. नाहीतर तुम्ही मैदानावर माझ्या डोक्यात येऊन बसाल. तुमची ती सवय मला माहीत आहे.

मी आता जळगावला असतो. इथल्या एमआयडीसीत चटईचा कारखाना आहे, त्याच्या शेटना व्हॉलीबॉलचं वेड आहे. त्यांनी पगारावर संघ ठेवला आहे. सकाळी मशीनवर चटया, दुपारनंतर सराव. मला त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलं ते राखीव म्हणून. पहिला लिफ्टर पोलिसात भरती झाला आणि गेल्या सोमवारी निघून गेला. शेटनी मला ऑफिसात बोलावलं आणि उभं ठेवूनच सांगितलं, "रविवारी भुसावळला तू खेळ. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर इंदूरचा एक पोरगा बघून ठेवलाय, तो येईल. मग तुला इथं ठेवून मी काय करू?" ते रागावून बोलले नाहीत. व्यवहार सांगितला. एका संघाला लिफ्टर एकच लागतो; प्रत्येक दुसरा बॉल त्याच्याच बोटांवर येतो, तो उचलून देईल तसा स्मॅशर मारतो. स्मॅशर दोन-तीन पोसता येतात, दुसरा लिफ्टर म्हणजे जेवणारं जास्तीचं तोंड. हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

धुळ्यातलं तुमचं सायकलचं दुकान आठवतं, तुम्ही चालवत होतात त्या संघाचा अड्डा. मी दहावी अर्ध्यात सोडली त्या वर्षी तिथं यायला लागलो. तुम्ही बॉलची शिवण उसवून आतला ब्लॅडर बाहेर काढता, पाण्याच्या घमेल्यात दाबता, बुडबुडे येतात तिथं सायकलचंच ठिगळ सोल्यूशन लावून बसवता. तुमचा पुतण्या शेजारी खुर्चीत बसलेला असतो. तो आपला लिफ्टर. मी उकिडवा बसून घमेलं धरतो. मी एकदा विचारलं होतं, नाना, मला लिफ्टरच्या जागेवर कधी उभं करणार? तुम्ही ठिगळावरून अंगठा काढला नाही. म्हणालात, "तुले घाई काय शे? केयं झाडवर पिकतस का? कच्चं कापीसन झाकी ठेवनं पडस, मंग पिकस." दुकानात हवा भरायला आलेला माणूस हसला. मीही हसलो. मला वाटलं, नानांनी मला झाकून ठेवलंय, म्हणजे काढणारही आहेत.

मी आता केळीच्या मुलखात राहतो, नाना. वखारीत जाऊन पाहिलं आहे. झाकलेला माल वखारवाला रोज हात घालून बघतो, आणि वेळेवर काढला नाही तर तो काळा पडतो. तुम्ही कितीदा हात घातलात? राखीव खेळाडू बसून बसून तयार होतो असं सांगणारे सगळे स्वतः आयुष्यभर पहिल्या सहांत खेळलेले असतात. बाकावर माणूस एवढंच शिकतो की आपल्यावाचून काही अडत नाही.

तुमच्या घरी जिंकून आल्यावर भरीत असायचं. तुमची बायको, आमच्या सगळ्यांच्या अक्का, चुलीशी बसून कळण्याच्या भाकरी थापायच्या. तुमचा नियम होता, खेळलेल्यांची पंगत आत, स्वयंपाकघरात, अक्कांच्या तव्यापाशी. आम्ही राखीव तिघं ओट्यावर, आणि तेही आधी आतल्यांना वाढून झाल्यावर. अक्कांनी एकदा मला हाक मारली, "ये रे भाऊ, आठे बस, गरम शे." मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "तो काय खेळना आज?" अक्का म्हणाल्या, "खायाले बी खेळनं पडस का?" तुमचा पुतण्या ठसका लागेपर्यंत हसला. मी ओट्यावर गेलो. भाकरी अक्कांनी तिथं आणून दिली, ती गार नव्हती, पण मला गिळवली नाही. आज अक्का भेटल्या तर मी पाया पडेन. तुमच्या पडणार नाही.

आणि सराव. मला लिफ्टरच्या जागेवर तुम्ही कधी उभं केलंच नाही. संध्याकाळी सहाच्या सहा कधी जमायचे नाहीत. कोणी कापूस वेचायला गेलेला, कोणाची कामाची पाळी, कोणाला सासऱ्यानं बोलावलेलं. तुम्ही मैदानावर येऊन बोटानं मोजायचात आणि मला म्हणायचात, "आज तो ऊना नही. त्यानी जागावर हुभा ऱ्हाय." सोमवारी मी मागे डाव्या कोपऱ्यात, मंगळवारी मधे, बुधवारी उजवीकडे. ज्याची जागा रिकामी तिथं मी, जशी तुमच्या दुकानात कुठल्याही सायकलला बसवायची जुनी ट्यूब. आणि वर पुतण्याचा पाय दुखत असला की मागून धावत नेटपाशी यायचं, बॉल उचलून द्यायचा आणि परत आपल्या कोपऱ्यात जायचं. पोरं ओरडायची, "नाना, याले घंटी लावा, म्हणजे कोठून येस ते समजी!" तुम्ही हसायचात. पुतण्या मात्र कायम एका जागी, नेटच्या मधोमध, खांबासारखा. आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धांत असंच खेळतात. जागा बदलत नाहीत, लिफ्टर नेटपाशी उभा राहिला की सामना संपेपर्यंत तिथंच. तुम्हाला दुसरा खेळ माहीतच नव्हता.

पिंपळनेरची आखाजी, अक्षय्य तृतीयेच्या सणातली ती स्पर्धा, मी विसरणार नाही. झोके बांधलेले, माहेरी आलेल्या बायका मैदानाच्या कडेला उभ्या, ऊन असं की रेघा मारलेला चुना डोळ्यांत चमकतोय. शेवटच्या सामन्यात पुतण्याचा घोटा मुरगळला. त्याला उचलून झाडाखाली नेलं. मी जर्सी घालून उभा राहिलो, बोटं मोडली, गुडघे वाकवून घेतले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. पूर्ण पाहिलं, नाना, पायांपासून चेहऱ्यापर्यंत. आणि एका स्मॅशरला लिफ्टरच्या जागेवर ढकललंत. ज्याला बॉल फक्त फोडता येतो त्याला तुम्ही बॉल उचलायला लावला. आपण हरलो. ट्रकमध्ये मी एवढंच विचारलं, "मी होतो ना?" तुम्ही म्हणालात, "तू अजून कच्चा शे." पुतण्या घोट्यावर ओलं फडकं धरून बसला होता, तो दुसरीकडे बघत होता. तुम्ही हरणं पत्करलंत, पण मला उतरवलं नाहीत. याचं कारण मला सात वर्षांत सापडलेलं नाही. एकच सापडतं. मी चांगला खेळलो असतो तर पुतण्याला पुढं पाठवताना लोकांनी तुम्हाला प्रश्न विचारला असता.

पाठवलंतच त्याला. मुंबईच्या एका खात्याच्या संघात खेळाडूंना नोकरी मिळणार होती, एक जागा लिफ्टरची. तुम्ही पुतण्याला नवे बूट घेऊन दिले, गाडीत बसवायला स्वतः गेलात. तिथं खरे नियम. प्रत्येक सर्व्हिस परत मिळाली की सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं, लिफ्टरनंही. तो मागच्या रांगेत गेला की मागून धावत यायचं. तुमचा पुतण्या सवयीनं नेटपाशीच उभा राहिला. शिट्टी. पुन्हा उभा राहिला. पुन्हा शिट्टी. त्यानंच मला नंतर सांगितलं, हसत सांगितलं, की तिथला एक जण म्हणाला, "याला कोणी खिळ्यानं ठोकलाय का?" तो परत आला आणि दुकानात बसला. तुम्ही त्या वर्षी पावसाळ्यात गेलात. मी स्मशानात मागे उभा होतो. मागे उभं राहायची मला सवय होती.

सात वाजायला आले. जीप येईल. उजवी बोटं बांधतो.

संध्याकाळ, पावणेसहा. भुसावळहून परत आलो. बोटं सुजली आहेत म्हणून अक्षर बिघडेल.

पहिला सेट विचारू नका. हात लाकडाचे झाले होते. बॉल एकदा नेटमध्ये, एकदा नेटच्या पलीकडे, एकदा स्मॅशरच्या डोक्यामागे. आमचा कप्तान धुळ्याचाच आहे, तुमच्या दुकानावर हवा भरून घेतलेला. तो उडी मारून रिकामा खाली आला आणि म्हणाला, "भाऊ, बॉल दे. नुसतं दर्शन नको देऊ." समोरच्या संघातून कोणीतरी ओरडलं, "चटईवर झोपलाय अजून!" शेट कडेला खुर्चीत बसले होते, पायावर पाय टाकून, आणि त्यांनी सोबतच्या माणसाला काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण माझ्या कानात इंदूर एवढंच वाजलं. सेट गेला.

दुसऱ्या सेटमध्ये फिरत फिरत मी मागे डाव्या कोपऱ्यात गेलो. नेटपासून सर्वांत लांब. लिफ्टरला ही जागा नको असते, तिथून धावत यायचं म्हणजे वाटेत आपलीच माणसं. सर्व्हिस झाली आणि माझे पाय निघाले. मी काही ठरवलं नव्हतं. मधल्याच्या पाठीमागून, पुढच्याच्या खांद्याजवळून, नेटपाशी, आणि बॉल यायच्या आधी मी तिथं उभा. उचलला. कप्तानानं फोडला. पुढच्या वेळी मधल्या जागेवरून, मग उजवीकडून. कुठूनही. मला माहीत होतं कोण कुठं सरकणार, कोण बॉल सोडून देणार, कोणाचा डावा पाय आधी मागं जातो, कारण त्या सगळ्यांच्या जागी मी कधी ना कधी उभा राहिलो होतो. बॉल सहाच्या सहा जागांवरून कसा दिसतो ते मला ठाऊक होतं. इंदूरच्या पोराला एकाच जागेवरून ठाऊक असेल. तो सेट आम्ही घेतला.

नाना, याचं श्रेय तुम्हाला देणार नाही. तुम्ही मला शिकवलं नाहीत. तुम्ही मला कुठलीच जागा दिली नाहीत आणि मी सगळ्या जागा शिकलो, यात तुमचा हात नाही. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही पुतण्यालाच धावायला लावलं असतंत. माणूस एखाद्याला उपाशी ठेवतो आणि तो उपाशी राहून सडपातळ होतो, म्हणून उपाशी ठेवणाऱ्याला वैद्य म्हणायचं का? बाकावरचा खेळाडू पहिला होऊ शकतो का, असं कोणी मला विचारलं तर मी सांगेन, होऊ शकतो, पण बाकामुळे नाही. आणि माझ्याबरोबर ओट्यावर जेवणारे ते बाकीचे दोघं आज कुठं आहेत, तेही विचारा म्हणून सांगेन. एक नरडाण्याला हमाली करतो. दुसऱ्यानं बॉलला पुन्हा हात लावला नाही.

तिसरा सेट आम्ही हरलो, अगदी शेवटच्या दोन गुणांनी. शेवटचा बॉल मी बरोबर दिला होता, कप्तानाचा बाहेर गेला. तो जमिनीवर बसला आणि मला म्हणाला, "तुझा नव्हता, माझा होता." असं मैदानावर मला आजवर कोणी म्हणालेलं नव्हतं.

जीपपाशी शेट आले. मी हात मागे बांधून उभा राहिलो. ते म्हणाले, "हरलो ते हरलो. इंदूरवाल्याला नको म्हणून कळवतो. उद्यापासून सराव तूच चालव." मग जीपमध्ये एक पाय ठेवून थांबले आणि विचारलं, "मागून धावत येऊन एवढा साफ उचलतोस, हे इकडच्या पोरांना येत नाही. तुझा उस्ताद कोण रे?"

कप्तानानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत आहे.

मी म्हणालो, "कोणी नाही, शेट. आपोआप आलं."

हे पत्र मी टाकणार नाही. टाकायचं तर दुकानाचा पत्ता पाठ आहे, पण तिथं आता पुतण्या फोडून वाचील आणि हसेल. पण तुम्हाला एक सांगतो. मी तसं म्हणालो ते खरं वाटलं म्हणून नाही. तुमचं नाव घेतलं असतं तर शेट म्हणाले असते, चांगला माणूस दिसतो. आणि मला तिथं, सगळ्यांसमोर, हो म्हणून मान हलवावी लागली असती. मी हलवली असती, नाना. म्हणून नाव घेतलं नाही.