कापसाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

१६ फेब्रुवारी, रविवार

१. सकाळी अकरा ते दीड, उज्माचा आवाज आणि माझं गिटार, दुसऱ्या गाण्याच्या एकाच ओळीचे सत्तावीस टेक घेतले.
२. दर टेकनंतर मी म्हणाले, "उज्मा, परत. सूर ढळला."
३. सत्ताविसाव्याला उज्मानं हेडफोन काढून कापसावर टाकला. "तुझ्या मशिनलाच गायला लाव!"
४. मी म्हणाले, "वायर ओढू नको."
५. ती घरी गेली.

चार नंबर वाचून स्वतःची पाठ थोपटावीशी वाटते. मैत्रीण उठून जाते आणि मला वायर दिसते!

१७ फेब्रुवारी

घरीच रेकॉर्ड करायचं, हा हट्ट माझा. उज्माचं म्हणणं साधं होतं — बीडच्या स्टुडिओत एक दिवस जाऊ, रोजे सुरू व्हायच्या आत तिन्ही गाणी उरकू. मी आकृती काढून दाखवली. भाव वाढेल म्हणून पप्पांनी मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलाय. कापूस आवाज शोषतो. टाळी वाजवली तर जागीच मरते. असली खोली स्टुडिओवाल्याकडेही नसेल! इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा सार्थकी लागला.

रुद्रेश, आमचा हलगीवाला, पहिल्या दिवसापासून मान खाजवतोय. "ईश्वरे, हितं गाणं न्हाई, खरूज निघंल." साठवलेल्या कापसानं खाज सुटते, हे गेवराईत शेंबड्या पोरालाही माहीत. माझ्या आकृतीत नव्हतं.

१८ फेब्रुवारी

बाजारात उज्माची आई भेटली, रहेमतबी चाची.

"डॉक्टरनी आठ दिवस बोलायचं न्हाई म्हटलंय तिला. कापसाची धूळ बसली घशात. कावून कोंडलं बेटा पोरीला तितं?"

घसा खवखवतोय, असं उज्मा म्हणाली होती. नवव्या टेकला. माझ्या वहीत नोंद आहे — 'टेक ९ : सबब.' अक्षर सुंदर आलंय.

१९ फेब्रुवारी

'कशी आहेस?' असा मेसेज केला. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२१ फेब्रुवारी

रुद्रेश म्हणाला, "तुझ्या कापसानं लई भारी आवाज शोषला, ईश्वरे. गाणारणीचा बी!"

हसला नाही.

२२ फेब्रुवारी

कापूस विकला! भाव लागला, टेम्पो आला, दुपारपर्यंत खोली रिकामी.

"पप्पा, अजून दोन गाणी राहिलीत."

"मग व्यापाऱ्याला काय सांगू? पोरीचं गाणं हुईपर्यंत दम धर म्हणू?"

टाळी वाजवून पाहिली. खोली रिकाम्या टाकीसारखी घुमली. भिंतींचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजणाऱ्या बाईला, कापूस विकायला असतो, हे सुचलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

उज्माला पाठवलं ते जसंच्या तसं :

"तिसऱ्या टेकला तू सुरात होतीस. गिटार माझं चुकलं होतं, आणि ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं. तुझा सूर ढळला म्हणत पुढचे चोवीस टेक मी माझ्यासाठी घेतले. स्टुडिओत काचेपलीकडच्या माणसानं हे पकडलं असतं, म्हणून मला स्टुडिओ नको होता. रुद्रेशलाही सांगितलंय. आता स्टुडिओतच जाऊ — घसा बरा झाल्यावर, रोजे झाल्यावर, तू म्हणशील तेव्हा. गिटार दुसऱ्या कुणी वाजवावं असं वाटलं, तर तेही चालेल. बोलू नकोस. येणार की नाही, एवढंच बुधवारपर्यंत लिहून कळव."