संदीपला बोलता आलं

मंगळवार, संध्याकाळ

चारचौघांत तोंड उघडायच्या धास्तीवर माझं संशोधन. त्यातलाच मुरगूडचा संदीप. उपचारात मीच शिकवलं त्याला, मनातलं रोज एकदा तरी कुणाला स्पष्ट सांगायचं.

आज त्याची बायको एकटीच आली. चहा दिला, तिनं हात लावला नाही.

"बोललं की मॅडम ते काल. म्हणालं, तुला बघायला आलतो तवाच तू पसंत नव्हतीस, पर सगळ्यांपुढं नको म्हणायची छाती झाली न्हाय."

चहावर साय धरली होती, तिकडंच बघत बसले.

"म्हंजे आजार गेला न्हवं त्येंचा?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते. मग तिच्याकडं बघून का म्हणता आलं नाही?