सातवे कलम

धार, १० सप्टेंबर २०२३

चि. सुमंगला हिस गणपतदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो, म्हणून पत्र. तुझ्या चर्चच्या पाटीचा कागद मिळाला. पत्रा आणला, प्राइमरचे दोन हात दिले. तुमच्या पास्टरसाहेबांनी आठ बाय चार लिहून मोकळे केले. एवढ्यात विश्वासाची आठ कलमे बसवायची तर अक्षर सव्वा इंचाचे होईल, मागच्या रांगेतून वाचता यायचे नाही. दीड इंच हवे असेल तर मजकूर कमी करा.

अर्थ न कळता मी बत्तीस वर्षांत एक अक्षर रंगवलेले नाही. शाळा आठवीत सुटली, पण धारेत माझ्या पाटीवर चूक दाखवणारा अजून कुणी भेटला नाही. म्हणून कागद तीनदा वाचला. शास्त्र देवाने प्रेरित केलेले व निर्दोष, हे पहिले. समजले. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, हे दुसरे. दोन दिवस डोके चालवले. पटले नाही, पण त्यात कुणाचे वाईट नाही. पाचवे टोचले. तारण कृपेने मिळते, आपल्या कर्मांनी नव्हे. म्हणजे मी हात झिजवले त्याची तिथे काहीच किंमत नाही? मला तर ब्रश कसा धरायचा हेही कुणी फुकट शिकवले नाही.

आणि सातवे. येशू पुन्हा येईल, मेलेले उठतील, विश्वास ठेवणाऱ्यांस सार्वकालिक जीवन आणि न ठेवणाऱ्यांस सार्वकालिक दंड. सुमे, इथे मी ब्रश खाली ठेवला. आपली आई हे नाव न घेता गेली. हे कलम खरे असेल तर आई कुठे आहे? उत्तर तुझे हवे, पास्टरांचे नको.

शेजारचा मानाजी भिया दुकानाशी थांबून कागद वाचून गेला. म्हणे, गणपत पेंटरही आता बाप्तिस्म्याची डुबकी मारणार काय. मी सांगितले, दारूच्या ठेक्याची पाटी केली तेव्हाही मी प्यायलो नव्हतो.

लोभ आहे. तो वाढवायचा की आटवायचा, हे तुझ्या उत्तरावर.

गणपत

देवास, १७ सप्टेंबर

ती. दादांना सुमंगलाचा सप्रेम नमस्कार.

अक्षर सव्वा इंचाचेच करा, मागचे लोक पुढे येऊन वाचतील. हिंदीची पाटी आधीच लागली आहे, ही आम्हा दहा-बारा मराठी घरांसाठी. इथल्या दोन पेंटरांनी नाही म्हटले. एकाने तर चहा प्यायला आणि जाताना म्हणाला की दीदी, जरा माहौल देखो.

तुम्हाला जे पाचवे कलम टोचले, त्यानेच मला सावरले. ह्यांच्या आजारपणात मी किती सोमवार धरले, किती नवस बोलले, तुम्हाला ठाऊक आहे. हे गेले तेव्हा वाटले, माझेच काही कमी पडले. चार वर्षे तेच वाटत राहिले. इथे पहिल्यांदा कुणी सांगितले की ते कमी मला भरायचेच नव्हते, ते भरायला येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले.

आता आई. मीही पास्टरांना हेच विचारले होते. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाले, शास्त्रात आहे ते मला पुसता येत नाही, पण तुझ्या आईचा न्याय करायलाही मी बसलेलो नाही. दादा, आई कुठे आहे मला ठाऊक नाही. ठाऊक नसताना मी पाण्यात उतरते आहे. याहून खरे उत्तर माझ्यापाशी नाही.

बाप्तिस्मा ८ ऑक्टोबरला, रविवारी. धर्म बदलण्याच्या साठ दिवस आधी कायद्याने द्यायचा कागद कलेक्टर कचेरीत दिला आहे. तिथल्या बाबूने दोनदा विचारले, कुणाचे दडपण आहे का, आणि माहेरचे लोक कुठे आहेत. पहिल्याचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे देता आले नाही. त्या दिवशी माहेरचे एक माणूस काठावर उभे असावे, एवढेच मागते.

माया पातळ होऊ देऊ नका.

सुमंगला

धार, २८ सप्टेंबर

चि. सुमंगला हिस आशीर्वाद.

पत्राच्या माथ्यावर शि. सा. न. असायचे, त्या जागी सप्रेम नमस्कार आला. माणसापुढे साष्टांग घालायचा नाही हेही तुमच्यात ठरलेले दिसते. मोठ्या भावाला हे कागदावरून कळावे, ठीक आहे.

पाटीची आठांपैकी सात कलमे झाली. सातव्याची जागा दोरी मारून, मोजून कोरी ठेवली आहे. कुणाच्या मजकुराला मी आजवर कात्री लावली नाही, आणि हे लिहायला हात उचलत नाही. दोन्ही खरे आहे.

सात तारखेला, शनिवारी, पितृपक्षातली आईची नवमी. दरवर्षी तिच्या पानाशी तुझ्या नावानेही एक घास ठेवतो. यंदा ठेवू की नको, ते कळव. तू कळवणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

अंशुल म्हणतो, बुआची मर्जी आहे, जाने दो पापा. त्याला पाटी वाचायला सांगितली तर दुसऱ्या ओळीत अडखळला. पीथमपुरातली शिफ्ट बदलून रविवारी तो पिकअप आणतो आहे. पाटीबरोबर मीही येईन. ब्रश बरोबर असेल. पुढचे तिथे पाहू.

गणपत

देवास, १२ ऑक्टोबर

ती. दादांना नमस्कार.

काठावरून तुम्हाला मी दिसत होते. मला तुम्ही कसे दिसलात, ते सांगते.

फाटकाशी धर्मांतर अडवायला आलेली ती पोरे मोबाईल धरून उभी राहिली आणि तुम्ही कोण म्हणून विचारू लागली, तेव्हा मी बाप्तिस्म्याच्या टाकीच्या पायरीवर थांबले. तुम्ही ब्रश न उचलता म्हणालात की मी हिचा थोरला भाऊ, ही पन्नाशीची आहे, आणि माझा रंग सुकतो आहे, उजेड सोडा. ती बाजूला झाली. तुम्ही सातवे कलम शेवटच्या शब्दापर्यंत लिहिलेत. मग मी उतरले.

वर आले तेव्हा तुमच्या हातात आपल्या धारकडच्या बाग प्रिंटची साडी होती. माहेरची साडी येईल असे मला वाटले नव्हते.

सगळे गेल्यावर पाटी जवळून पाहिली. तुमच्या प्रत्येक पाटीला उजव्या कोपऱ्यात 'गणपत, धार' असते. इथे नाही. अंशुलला फोन केला. तो म्हणाला, पापा बोले कि ज्या पाटीत आईला जागा नाही, तिथे माझे नाव नको.

पास्टर त्या कोपऱ्यात सभेची वेळ लिहू या म्हणत होते. मी नको म्हटले. मेलेल्यांसाठी आम्ही प्रार्थना करत नाही दादा, म्हणून आईसाठी मला काही मागता येत नाही. त्या चार बोटे कोऱ्या जागेसमोर नुसती उभी राहते. तुम्ही जिवंत आहात. तुमच्यासाठी मागते. राग आला तरी मागेन.

भाऊबीजेला येते आहे. निरांजन हातात धरणार नाही, हे आधीच सांगते. पाट मांडायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

सुमंगला

धार, १९ ऑक्टोबर

चि. सुमंगला हिस आशीर्वाद.

कोपरा तसाच राहू दे.

नवमीला तुझा घास ठेवला होता. विचारलेस तर खोटे बोलणार नाही, म्हणून न विचारताच सांगितले.

भाऊबीजेला सकाळच्या बसने ये, इंदूरला गाडी बदलावी लागेल. ओवाळायचे असते तर माझा एक पाट पुरला असता. समोरासमोर बसायला दोन लागतात. दुसरा काढून, पुसून ठेवला आहे.

गणपतदादा