तेग्वारेदचा वाटा

मार्टिन संताचा सण
ग्लिनव्रानच्या मठात पोचलो आणि अंगावरचा पाऊस वाळायच्या आत जेवायला बसलो! कारमार्थेनच्या लोकर-व्यापाऱ्यानं कारकुनीवरून हाकलल्यापासून पोटात धड घास गेला नव्हता. इथली रीत मोठी सोयीची आहे. भिक्षू मेला, की त्याचा वाटा महिनाभर एखाद्या भुकेल्याला देतात. बंधू तेग्वारेद मरून कैक वर्षं झाली, तरी त्याच्या मरणाच्या महिन्यात मठपती इथेल अजून वाटा काढतात. ओटची भाकरी, लीकच्या पातीचं कालवण, चीजचा तुकडा, वर बियर. देव तेग्वारेदचं भलं करो आणि असेच आणखी चार मरोत.

कॅथरीन संतिणीचा सण
म्हणे एके काळी इथे साठ भिक्षू होते आणि लोकर न्यायला समुद्रापारचे व्यापारी यायचे. आता पाच म्हातारे उरलेत. मेंढ्यांना खरूज लागलीय, छपरावरचे शिशाचे पत्रे विकून खाल्लेत. मठाचा वैद्य केनरिग मला तेग्वारेदच्याच आसनावर बसवतो आणि चिडवतो, काय रे तेग्वारेद, मेलास तेव्हा काटकी होतास, आता पोट सुटलं की! सगळे खो खो हसतात. मीही त्या नावाला ओ देतो. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.

आज प्रार्थनेत दारावर थाप पडली. कुणी उठलं नाही. उलट सगळे मोठ्यानं गायला लागले. मी दार उघडलं, तर बाहेर नुसतं बर्फ.

अँड्र्यू संताचा दिवस
केनरिगनं माझं रक्त काढलं. तब्येतीसाठी भिक्षूंचं नेहमीच काढतात, नंतर आजारघरात मांसाचा रस्सा मिळतो, म्हणून मी हौसेनं हात पुढे केला. दोनच दिवसांनी परत काढलं. म्हणाला, फुकटचं खाऊन रक्त माजलंय तुझं. उभा राहिलो की भोवळ येते. बूट कुणीतरी सांधायला नेलेत.

निकोलस संताचा दिवस
भिंत धरधरून आवारात गेलो. कबरींवर लाकडी क्रूस आहेत. पलीकडची अख्खी रांग एकाच नावाची — तेग्वारेद, तेग्वारेद, तेग्वारेद. शेवटच्या क्रूसाचं लाकूड अजून नवं आहे.

केनरिगला विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. तेग्वारेदनं मठाची भाकरी गावातल्या बाईला दिली, म्हणून इथेलनं त्याला बर्फात बाहेर कोंडलं. तो दार ठोठावत राहिला, सगळ्यांनी ऐकलं. मरणाऱ्या भिक्षूला राखेवर निजवतात, लाकडी फळी बडवतात, ती ऐकून सगळे धावत येतात आणि तो सगळ्यांना माफ करून जातो. तेग्वारेद तसा गेला नाही. तेव्हापासून मठ बसत चाललाय. म्हणून दरवर्षी त्याला रीतसर मारावं लागतं. पण एकही मेला माफ करत नाही रे, केनरिग वैतागून म्हणाला, शेवटपर्यंत आपलंच नाव ओरडत बसतात.

लुसी संतिणीच्या आदल्या दिवशी
पळालो. अनवाणी. फाटकापर्यंतच — उचलून आणलं. परत रक्त काढलं. भीती वाटते. फार भीती वाटते. माझं नाव ग्वियोन. ग्वियोन. ग्वियोन.

लुसी
जमिनीवर राख पसरलीय. इथेल उशाशी बसलाय. हातात हात घेऊन म्हणतो, बाळ तेग्वारेद, एकदा म्हण, माफ केलं. मग तुला सोडतो. शपथ घेतली — क्रूसावर हात ठेवून —

म्हणालो. माफ केलं, बाबा. तेग्वारेदनं माफ केलं.

म्हातारा ढसाढसा रडला. माझ्या पायांचे मुके घेतले. मग डोळे पुसून केनरिगला म्हणाला, आटप लवकर, हा शब्द फिरवायच्या आत.

फळी वाजतेय — धावत येताहेत सगळे — पाय धरलेत — अरे मी म्हणालो ना, मी तर —